धाराशिवच्या एका खेड्यातल्या शाळेचे हेडमास्तर निजामाविरुद्धच्या लढ्याचे नेते कसे झाले?

दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन असतो. स्टेटसला भगव्या कपड्यातल्या एका संन्याशाचा फोटो हमखास दिसतो. ते म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ. निजामाच्या राजवटीविरुद्धच्या लढ्याचे नेते.

पण नेते होण्याआधी स्वामीजी काय करायचे? तर ते मास्तर होते. आणि त्यांची मास्तरकी सुरू झाली ती आजच्या धाराशिव जिल्ह्यात, लोहारा तालुक्यातल्या हिप्परगा या गावात.

त्यांचं मूळ नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३ चा, विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचा. शाळेचं शिक्षण सोलापुरात झालं. १ ऑगस्ट १९२० ला लोकमान्य टिळक गेले. शाळेत शिकणाऱ्या व्यंकटेशने तेव्हाच ठरवून टाकलं की लग्न करायचं नाही, आयुष्य देशासाठी घालवायचं. लगेच गांधीजींची असहकार चळवळ सुरू झाली. सरकारी शाळा सोडा अशी हाक आली आणि या पोराने खरंच शाळा सोडली.

पुढचं शिक्षण अमळनेरला आणि मग पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात झालं. तिथून एमए केल्यावर ते कामगार नेते ना. म. जोशी यांच्यासोबत काम करू लागले. मुंबई, दिल्ली असा प्रवास झाला. पण आजारपणाने गाठलं आणि ते काम सोडावं लागलं.

अशा वेळी, १९२९ मध्ये ते हिप्परग्याला आले.

आता हिप्परग्यातच का? तर तिथे १९२१ पासून एक राष्ट्रीय शाळा चालू होती. व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी यांनी ती सुरू केली होती. राष्ट्रीय शाळा म्हणजे सरकारी मदत आणि सरकारी हुकूम या दोन्हींपासून लांब राहणारी शाळा. शिक्षण मातृभाषेतून, जोडीला सूतकताई, अंगमेहनत आणि देशाचा विचार.

ब्रिटिश मुलखात अशा शाळा बऱ्याच निघाल्या होत्या. पण हिप्परगा होतं निजामाच्या हैदराबाद संस्थानात, आणि तिथला मामला वेगळा होता.

संस्थानातली बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलायची. सरकारी कारभार मात्र उर्दूत चालायचा. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं, त्याचंही माध्यम उर्दूच. म्हणजे खेड्यातलं मराठी पोरगं प्राथमिक शाळेच्या पुढे गेलं की त्याला अनोळखी भाषेत शिकावं लागायचं. त्यामुळे कित्येकांचं शिक्षण तिथंच थांबायचं.

बरं, स्वतःची शाळा काढावी तर सरकारची परवानगी लागायची. सभा घ्यायची असली तरी परवानगी लागायची. राजकीय संघटना उभी करणं तर फारच अवघड. अशा वातावरणात चार माणसं रोज एकत्र येऊ शकतील अशा जागा मोजक्याच होत्या. वाचनालय, गणेशोत्सव आणि शाळा. हैदराबादची विवेकवर्धिनी, औरंगाबादची सरस्वती भुवन, अंबाजोगाईची योगेश्वरी या शाळांचं महत्त्व इथे लक्षात येतं. त्या नुसत्या पोरांना पास करत नव्हत्या, पुढचे कार्यकर्ते तिथे तयार होत होते.

हिप्परग्याला आणखी एक फायदा होता. सोलापूर जवळ होतं आणि ते ब्रिटिश मुलखात होतं. तिथली चळवळ, वर्तमानपत्रं, विचार हद्द ओलांडून इकडे यायचे.

खेडगीकर इथे हेडमास्तर झाले. याच काळात त्यांनी संन्यास घेतला आणि व्यंकटेश खेडगीकर यांचे स्वामी रामानंद तीर्थ झाले. पण संन्यास घेऊन ते हिमालयात गेले नाहीत. भगवी वस्त्रं घालून ते वर्गात शिकवत राहिले. इथेच बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे सहकारी त्यांच्यासोबत होते.

१९३५ मध्ये स्वामीजी आणि परांजपे अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत गेले. गाव बदललं, पण काम तेच होतं.

पण बाहेर वारं बदलत होतं. १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन झालं. मराठी भागातले लोक आपले हक्क मागायला एकत्र आले. १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनात काँग्रेसने भूमिका घेतली की संस्थानातल्या जनतेने आपला लढा आपल्या संघटनेतून लढावा. मग हैदराबाद स्टेट काँग्रेस काढायचं ठरलं. निजाम सरकारने संघटना उभी राहण्याआधीच तिच्यावर बंदी घातली.

इथे स्वामीजींपुढे प्रश्न होता, शाळा की लढा? शाळेत राहून लढ्यात उतरलं असतं तर सरकारने शाळाच बंद पाडली असती. वर्षानुवर्षं खपून उभी केलेली संस्था आणि पोरांचं शिक्षण, सगळंच पणाला लागलं असतं. स्वामीजींनी शिक्षकी सोडली. ऑक्टोबर १९३८ मध्ये सत्याग्रह सुरू झाला आणि ते तुरुंगात गेले.

त्यानंतर तुरुंग नेहमीचाच झाला. स्टेट काँग्रेसवरची बंदी उठायला १९४६ उजाडलं. १९४७ मध्ये स्वामीजी तिचे अध्यक्ष झाले. भारत स्वतंत्र होणार होता, पण निजाम मीर उस्मान अली खान यांना वेगळं राहायचं होतं. ७ ऑगस्ट १९४७ ला स्टेट काँग्रेसने भारतात सामील व्हा हा दिन पाळला. १५ ऑगस्टला देश झेंडा फडकवत होता, तेव्हा हैदराबादेत स्वामीजींना अटक झाली.

पुढचं वर्ष फार वाईट गेलं. रझाकारांनी गावोगावी अत्याचार केले. कार्यकर्त्यांनी सोलापूर-बार्शीसारख्या सरहद्दीच्या भागात कॅम्प उभे केले आणि तिथून लढा चालवला. अखेर १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. स्वामीजी त्यानंतर तुरुंगाबाहेर आले.

सत्ता हातात आल्यावरही ते एका गोष्टीवर ठाम राहिले. हैदराबाद राज्य टिकवायचं नाही, भाषेप्रमाणे त्याचे भाग करायचे. ज्या भाषेत लोक बोलतात त्याच भाषेत शाळा आणि कारभार चालावा, हा हिप्परग्यापासूनचाच मुद्दा होता. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याचं विभाजन झालं आणि मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. स्वामीजी १९५२ आणि १९५७ अशा दोन वेळा लोकसभेवर निवडून गेले. पुढे ते सत्तेच्या राजकारणातून बाजूला झाले. २२ जानेवारी १९७२ ला हैदराबादमध्ये त्यांचं निधन झालं.

अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजला त्यांचं नाव आहे. १७ सप्टेंबर १९९४ ला नांदेडमध्ये सुरू झालेल्या विद्यापीठालाही त्यांचंच नाव दिलं गेलं. नांदेड, परभणी, हिंगोली आणि लातूर जिल्ह्यातल्या पोरांच्या डिग्रीवर ते छापलेलं असतं.

धाराशिव जिल्हा मात्र त्या विद्यापीठात येत नाही. त्यामुळे ज्या जिल्ह्यात स्वामीजी पहिल्यांदा हेडमास्तर झाले, तिथल्या पोरांच्या डिग्रीवर त्यांचं नाव नसतं. निदान हिप्परग्याच्या शाळेची गोष्ट तरी त्यांना माहीत असायला हवी.