नॉर्मन विल्किन्सन

नॉर्मन विल्किन्सन (२४ नोव्हेंबर, १८७८, केंब्रिज, इंग्लंड – मे, १९७१) हे ब्रिटिश सागरचित्रकार व जाहिरात-कलावंत होते. जहाजांच्या 'डॅझल' रंगयोजनेचे ते जनक मानले जातात.

विसाव्या शतकाच्या आरंभी रेल्वेची भित्तिपत्रके मजकुराने गच्च भरलेली असत. विल्किन्सन यांनी १९०५ मध्ये लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेच्या आयर्लंडकडील बोटसेवेसाठी एकच मोठे सागरदृश्य रंगवले. 'टायटॅनिक'च्या धूम्रपानकक्षातील त्यांचे प्लिमथ बंदराचे चित्र १९१२ मध्ये जहाजाबरोबरच बुडाले.

१९१७ मध्ये जर्मन पाणबुड्यांनी ब्रिटिश व्यापारी जहाजांचा मोठा संहार चालवला होता. बदलत्या आकाशाखाली जहाज लपवणे अशक्य आहे, हे नौदलात सेवेत असलेल्या विल्किन्सन यांनी ओळखले. त्यांनी जहाजावर विरोधी रंगांचे ठळक, तिरपे पट्टे सुचवले. त्यामुळे जहाज अधिकच नजरेत भरे; मात्र त्याची दिशा चुकीची भासून टॉर्पेडोचा नेम हुकावा, हा हेतू होता. लंडनच्या रॉयल अकॅडमीत छोट्या प्रतिकृती रंगवून फिरत्या मेजावर ठेवत आणि पेरिस्कोपमधून पारखत. पुढे दोन हजारांहून अधिक ब्रिटिश जहाजे अशी रंगवली गेली.

या योजनेमुळे जहाजे खरोखर वाचली का, हे आकडेवारीवरून सिद्ध झाले नाही. खलाशांचे मनोधैर्य मात्र वाढले. प्राणिशास्त्रज्ञ जॉन ग्रॅहम केर यांनी कल्पनेच्या श्रेयावर हक्क सांगितला. तो अमान्य होऊन १९२२ मध्ये विल्किन्सन यांना २,००० पौंड मिळाले. दुसऱ्या महायुद्धातील सागरी लढायांवरील आपली ५४ चित्रे त्यांनी राष्ट्राला अर्पण केली.