संत बहिणाबाई : सोसणे आणि सांगणे

बहिणाबाई हे नाव घेतले की खानदेशच्या बहिणाबाई चौधरी आठवतात. त्यांच्याही अडीचशे वर्षे आधी होऊन गेलेल्या, तुकारामशिष्या बहिणाबाई मात्र पाठ्यपुस्तकातील एखाद्या अभंगापुरत्याच आपल्याला माहीत असतात. त्यांच्या चरित्रातील एक बाजू आपण सहसा वाचत नाही, आणि वाचली तरी बोलत नाही.

वेरूळजवळील देवगाव येथे १६२८ साली त्यांचा जन्म झाला. वडील आऊजी कुलकर्णी, आई जानकी. अजाण वयातच तिशीतल्या एका बिजवराशी त्यांचे लग्न झाले. पती शिऊरच्या पाठक घराण्यातला, वेदविद्येचा अभिमानी व तापट. पुढे भाऊबंदकीच्या त्रासाने आईवडील, जावई आणि मुलगी असे सारेच गाव सोडून निघाले आणि पंढरपूरमार्गे फिरत फिरत कोल्हापूरला स्थिरावले. बहिणाबाईंचे वय तेव्हा अवघे अकराच्या आसपास.

कोल्हापुरात त्यांना एका वासराचा लळा लागला. वासरू त्यांच्यामागून कीर्तनालाही जाई. एकदा जयरामस्वामींनी कीर्तनाच्या वेळी त्या वासराच्या व मुलीच्या मस्तकावर कौतुकाने हात ठेवला. गावात चर्चा झाली. कोणीतरी ती पतीच्या कानावर घातली. तो घरी आला तो संतापूनच. वेणी धरून त्याने त्या कोवळ्या मुलीला बेदम मारले. आईवडील त्याच घरात होते. पण जावयापुढे त्यांचे काही चालले नाही.

या प्रसंगात मुलीचा अपराध कोणता? कोणताच नाही. लोक बायकोला मान देतात, आपल्याला विचारीत नाहीत, हा सल त्या माराच्या मुळाशी होता. पुढे बहिणाबाईंनी स्वप्नात तुकारामांचा अनुग्रह मिळाल्याचे सांगितले, तेव्हा तर ब्राह्मणाच्या बायकोने शूद्राला गुरू मानावे याचा त्याला भयंकर राग आला. गरोदर पत्नीला टाकून जाण्यास तो निघाला. निमित्ते बदलत गेली, पण पत्नीवरची आपली सत्ता ढळते आहे हे भय तेच राहिले.

त्याच सुमारास तो आजारी पडला. बहिणाबाईंनी त्याची सेवा केली. दुखण्यातून उठल्यावर त्याचे मन पालटले आणि सारे कुटुंब देहूला तुकारामांकडे गेले. येथे एक सावधगिरी हवी. बायकोने सोसले म्हणून नवरा सुधारला, असा बोध या कथेतून काढला जातो. तो घातक आहे. एका घरात तसे घडले म्हणून साऱ्या घरांत तसे घडेल, असे नाही.

बहिणाबाईंनी पातिव्रत्याचा गौरव करणारे अभंगही रचले, हे लपवण्याचे कारण नाही. तो त्यांच्या काळाचा संस्कार होता. पण त्याच लेखणीने त्यांनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत तो मारही नोंदवून ठेवला. घरातली गोष्ट चार भिंतींत ठेवायची, हा दंडक त्यांनी मोडला. १७०० साली त्यांनी देह ठेवला. शिऊरला त्यांची समाधी आहे.

आज कायदा बदललेला आहे. १९८३ साली पती व सासरच्यांकडून होणारी क्रूरता हा स्वतंत्र गुन्हा ठरला. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने स्त्रीला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला. मारहाणीबरोबरच शिवीगाळ, धमकी, पैशाची कोंडी यांनाही हिंसा म्हटले. विशेष म्हणजे असे काही घडत असल्याची खबर संरक्षण अधिकाऱ्याला कोणीही देऊ शकतो, आणि सद्भावनेने खबर देणाऱ्यावर त्याबद्दल कोणतेही दायित्व येत नाही.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, कोल्हापुरात एकाने पतीच्या कानावर घातलेल्या गोष्टीने त्या मुलीला मार बसला. शेजारच्या घरातून रडण्याचा आवाज येतो तेव्हा तो कोणाच्या कानावर घालायचा, हे आता आपल्या हाती आहे.