पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई (२३ एप्रिल १८५८ – ५ एप्रिल १९२२) या संस्कृत विदुषी, समाजसुधारक व केडगाव (ता. दौंड, जि. पुणे) येथील मुक्ती मिशनच्या संस्थापक होत्या. किशोरवयात स्वतः उपासमार सोसलेल्या रमाबाईंनी पुढे दुष्काळग्रस्त मुलींच्या पुनर्वसनाचे कार्य केले.

बालपण आणि दुष्काळ

त्यांचा जन्म सह्याद्रीतील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकविरोध पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले होते. रमाबाईंचे अध्ययन आईपाशी झाले. पुराणकथनावर चरितार्थ चालवत हे कुटुंब तीर्थयात्रा करीत असे. मद्रास इलाख्यातील दुष्काळात त्यांच्यावर पाणी, झाडपाला व रानफळांवर दिवस काढण्याची वेळ आली. १८७४ मध्ये वडील व त्यानंतर आई आणि थोरली बहीण निवर्तली. त्या वेळी रमाबाई अवघ्या सोळा वर्षांच्या होत्या. भाऊ श्रीनिवास यांच्यासह पायी भटकंती करीत त्या १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या. तेथे त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या.

विवाह, परदेशगमन आणि शारदा सदन

१८८० मध्ये त्यांनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह केला. १८८२ मध्ये पतीचे निधन झाले. त्याच वर्षी पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापला. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. अमेरिकेतून परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन सुरू केले व पुढच्या वर्षी ते पुण्यास हलवले. धर्मांतराच्या वादामुळे १८९३ मध्ये न्या. रानडे, डॉ. भांडारकर आदी सल्लागार दूर झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

मुक्ती सदन

अमेरिकन साहाय्य दहा वर्षांपुरतेच असल्याने संस्था स्वावलंबी व्हावी म्हणून रमाबाईंनी केडगावी फळबागेसाठी जमीन घेतली होती. कासुर्डी, यवत, केडगाव हा पुण्याच्या पूर्वेकडील पट्टा कमी पावसाचा असल्याने तेथे विहिरी खणाव्या लागल्या. १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी सुमारे तीनशे मुली व स्त्रिया आणल्या. पुण्यातील प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांना केडगावी ठेवण्यात आले. १९०० च्या सुमारास, गुजरातेतील दुष्काळानंतर, तेथील संख्या दीड हजारांच्या घरात गेली.

आलेल्या मुली अस्थिपंजर व रोगग्रस्त होत्या. काही जणी वाचू शकल्या नाहीत. दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपेट अन्न देणे जिवावर बेतू शकते, आहार क्रमाक्रमाने वाढवावा लागतो. त्यामुळे हे काम केवळ अन्नछत्राचे नव्हते. त्यासाठी शुश्रूषा आणि सततची सोबत आवश्यक होती. शारदा सदनात शिकलेल्या स्त्रियांनी या कामात हातभार लावला. प्रकृती सुधारल्यावर मुलींना लेखन-वाचन, विणकाम, शिवणकाम, शेती व छपाई शिकवली जाई. अंध स्त्रियांसाठीही स्वतंत्र व्यवस्था होती. येथील अनेक मुलींनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्याने संस्थेवर टीकाही झाली.

अखेरची वर्षे

रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषा शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले. त्याची छपाई संस्थेतील स्त्रियांनी केली. १९१९ मध्ये त्यांना कैसर-इ-हिंद पदक मिळाले. कार्यात साथ देणारी एकुलती कन्या मनोरमा १९२१ मध्ये वारली. त्यानंतर वर्षभरातच केडगावी रमाबाईंचे निधन झाले. भारतीय टपाल खात्याने १९८९ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. केडगावची संस्था आजही निराधार स्त्रिया व मुलांसाठी कार्यरत आहे.