चावडीची हजेरी आणि शाळेची हजेरी

धानाची रोवणी आणि कपाशीची डवरणी यांच्या घाईतच 1 ऑगस्ट येतो. नागपुरात दीक्षाभूमी चौकातल्या लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांच्या पुतळ्याला हार पडतात. आपल्या ग्रामपंचायतीतही फोटो लागतो, चहा होतो आणि आपण बांधावर परत जातो. म्हणून आज खताच्या मात्रा बाजूला ठेवून या माणसाची हकिकत सांगतो.

त्यांचं मूळ नाव तुकाराम भाऊराव साठे. जन्म 1920 चा, वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचा. तेव्हा जिल्हा सातारा होता, आता सांगली आहे. घर मांग समाजाचं. तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील मंडळींनी इथं जरा थांबावं. इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पुढे तो मुंबई इलाख्यातही आला. जमातीचं नाव यादीत असलं की तिच्यात जन्मलेला माणूस आधीच संशयित. त्यानं काही केलेलं नसलं तरी हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर परवानगी काढायची. म्हणजे बघा, अशा घरच्या पोराचं नाव मोठेपणी सरकारी हजेरीत यायची सोय होती, शाळेच्या हजेरीत ते टिकत मात्र नव्हतं. अण्णाभाऊंची शाळा दीड दिवसाची, असंच सगळीकडे सांगतात. तो कायदा देशभरातून गेला तो 1952 साली.

दुष्काळानं गाव सुटलं. कुटुंब पायी मुंबईला गेलं. पोरानं कोळसे वेचले, फेरीवाल्याचं गाठोडं वाहिलं, गिरणीत काम केलं. दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाच्या जाहिराती बघून अक्षरं शिकला. आपल्याकडे प्रौढ शिक्षणाचे एवढे वर्ग झाले, पण पाटीवरून शिकलेला असा लेखक दुसरा माझ्या तरी ऐकण्यात नाही.

मधे काही काळ ते नात्यातल्या बापू साठे यांच्या तमाशाच्या फडात होते. खरं शिक्षण तिथं झालं, असं मला वाटतं. गण, गवळण, बतावणी, वग हा सगळा साचा त्यांच्या अंगात भिनला. 1944 साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. गणपतीच्या गणाच्या जागी मातृभूमीला आणि कष्टकऱ्याला वंदन आलं, गवळण काढून टाकली. वगातला राजा गेला आणि त्याच्या जागी सावकार, शेटजी, पुढारी उभे राहिले. 'अकलेची गोष्ट', 'शेटजींचं इलेक्शन', 'देशभक्त घोटाळे' ही नावंच पुरेशी बोलकी आहेत. ज्यांना कोणी बोलू देत नव्हतं, ती माणसं इथं नायक झाली. पुढं मुंबई सरकारनं तमाशावर बंदी घातली, तेव्हा लोकनाट्य या नावानं हाच खेळ चालू राहिला.

1959 साली त्यांची 'फकिरा' कादंबरी आली. तिच्यात ती हजेरीही आहे. शिवाय विष्णुपंत नावाचा गावचा कुळकर्णी आहे. भुकेल्या मांगवाड्याची बाजू घेणारा हा माणूस गावकारभारी मंडळींनी एकदा तरी वाचावाच. या पुस्तकाला 1961 साली राज्य पुरस्कार मिळाला, त्याच वर्षी अण्णाभाऊ रशियाला जाऊन आले. एवढं होऊनही शेवटचे दिवस हलाखीचेच गेले. 18 जुलै 1969 ला गोरेगावात ते वारले, तेव्हा पन्नाशीही झालेली नव्हती. 2022 साली मॉस्कोत त्यांचा पुतळा बसला.

आता हे सगळं मला का आठवलं ते सांगतो. गेल्या हंगामात एका गावी बीजप्रक्रियेची रात्रीची सभा घेतली, तर दहा माणसं आली. सभा आवरल्यावर त्याच मैदानात खडी गंमत लागली आणि सगळं गाव लोटलं. नाच्याचं काम तेरा-चौदा वर्षांचं पोरगं करत होतं. सगळ्यांची सोंगं त्याला तोंडपाठ, सावकार तर असा वठवला की म्हातारी माणसंही हसून लोळली. सकाळी चौकशी केली. घर बाहेरगावाहून मजुरीला आलेलं, पोरगं ढोरांमागं, शाळेत नाव नाही. जन्माचा दाखला नसल्यामुळं प्रवेश अडला, असं बापानं सांगितलं. दाखल्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही, हे 2009 च्या कायद्यात स्पष्ट आहे. ते मी गुरुजींना आणि ग्रामसेवकांना दाखवून आलोय. येत्या सोमवारी पुन्हा त्या गावी जायचंय, कपाशीच्या पाहणीला आणि शाळेचं हजेरीपुस्तक बघायला.