बल्लवांचा राजा, घरचा मासा

फ्रेंच स्वयंपाकाचे नाव काढले की डोळ्यांपुढे झगमगते हॉटेल, एकामागून एक येणाऱ्या दहा-बारा ताटल्या आणि उच्चार न जमणाऱ्या नावांचे मेनूकार्ड उभे राहते. हे चित्र जगाच्या मनावर ठसवण्यात ज्याचा वाटा सर्वांत मोठा, त्या ऑग्युस्त एस्कोफिये या बल्लवाचार्याच्या ग्रंथात एक मासा मात्र असा आहे, की काट्यांचा अर्क हाताशी असला तर तो कोणत्याही घरात अर्ध्या तासात पानावर यावा.

त्याचे नाव ‘सोल सुर ल प्ला’, म्हणजे थाळीवरचा सोल. सोल हा वाळूत दडून राहणारा, दोन्ही डोळे एकाच बाजूला असलेला चपटा समुद्री मासा. आपल्याकडच्या लेपचा नातलग. कातडे काढलेल्या माशाच्या वरच्या बाजूचे मांस मधल्या काट्यापासून थोडे सुटे करायचे आणि त्याखाली अक्रोडाएवढे लोणी सारायचे. लोण्याचा हात फिरवलेल्या थाळीत मासा ठेवून त्यावर माशाच्या काट्यांचा थोडा अर्क आणि लिंबाचे चार थेंब घालायचे व थाळी भट्टीत सरकवायची. पुढचे काम एकच. थोड्या थोड्या वेळाने थाळीतला रस पळीने माशावर सोडत राहायचे. रस आटत जातो, पाकासारखा दाट होतो आणि माशावर पारदर्शक, तुकतुकीत थर धरतो. वेगळा सॉस नाही, सजावट नाही.

या तकाकीत साखरेचा अंशही नसतो. ती येते काट्यांतून. माशाच्या काट्यांत, डोक्यात आणि कातड्यात जो चिवट भाग असतो, तो मंद आचेवर पाण्यात विरघळून त्याचे जिलेटिन होते. पाणी उडून गेले की तेच जिलेटिन लोण्यासह माशाला बिलगते. अर्कासाठी काटे अर्ध्या तासाहून फार अधिक उकळू नयेत, नाहीतर चव बिघडते. म्हणजे कोळणीने कापून बाजूला टाकलेला ऐवजच माशाला झळाळी देतो. फुकट जाणाऱ्या वस्तूवर लक्ष ठेवण्याची ही सवय एस्कोफियेला लागली कशी, हे त्याच्या आयुष्यात शोधावे लागते.

२८ ऑक्टोबर १८४६ रोजी नीसजवळच्या व्हिलनव्ह-लुबे या गावी एका लोहाराच्या घरी त्याचा जन्म झाला. मुलाला ओढ होती शिल्पकलेची. पण हातावर पोट असलेल्या घरात शिल्पकार होण्याची चैन परवडणारी नव्हती. १८५९ साली, वयाच्या तेराव्या वर्षी त्याची रवानगी नीसमधल्या काकांच्या उपाहारगृहात झाली. नीस तेव्हा सार्डिनियाच्या राज्यात होते. फ्रान्समध्ये ते पुढच्याच वर्षी सामील झाले. नात्याची सवलत पुतण्याला मिळाली नाही. अंगकाठी इतकी ठेंगणी, की भट्टीच्या धगीत चेहरा यायचा. त्यावर त्याने उंच टाचांचे जोडे हा उपाय काढला आणि तो आयुष्यभर सोडला नाही.

१८६५ साली तो पॅरिसच्या ‘पती मुलँ रूज’ या नामांकित उपाहारगृहात दाखल झाला. त्या काळचा भटारखाना म्हणजे तळघरातली काळोखी, धुराने कोंदलेली जागा. आचारी तहानेसाठी दारू पीत, वरचा खालच्याला शिव्या घाली, प्रसंगी हातही उगारी. हे सारे एस्कोफियेने सोसले. पुढे स्वतःच्या हाताखाली माणसे आली तेव्हा त्याने भटारखान्यात दारू आणि शिवीगाळ बंद केली आणि तहान भागवण्यासाठी सातूचे पेय ठेवले. राग अनावर झाला तर तो स्वतः बाहेर निघून जाई, असे त्याच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. आचाऱ्याने रस्त्यावर जाताना नीट पोशाख करावा, जमेल तसे शिकावे, असा त्याचा आग्रह असे. या धंद्याला त्याने जी अब्रू मिळवून दिली, ती त्याच्या कोणत्याही पाककृतीहून मोठी मानावी लागेल.

१८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात तो ऱ्हाईनच्या सैन्यात मुख्यालयाचा आचारी होता. प्रशियनांनी मेट्झ शहराला वेढा घातला. अन्न संपत चालले तसे घोडे कापले जाऊ लागले, मीठही मिळेनासे झाले. एस्कोफियेने आधीपासून कोंबड्या आणि इतर जनावरे जमवून ठेवली होती. तेवढ्यावर आणि घोड्याच्या मांसावर त्याने अधिकाऱ्यांचे ताट चालवले. ऑक्टोबरच्या अखेरीस मेट्झ पडले आणि तो युद्धकैदी झाला. हाडांपासून सालांपर्यंत कशाचे काय होऊ शकते, याचे शिक्षण त्याला कोणत्याही श्रीमंत मुदपाकखान्यापेक्षा या वेढ्यात मिळाले असावे. टोमॅटो आणि सॉस डबाबंद करून टिकवण्याच्या खटपटीला तो पुढे लागला, त्याचे मूळही याच उपासमारीत असणार.

मधली काही वर्षे पॅरिस आणि कान येथे गेली. देल्फिन दाफिस या कविता करणाऱ्या, प्रकाशकाच्या मुलीशी त्याचे लग्न झाले. १८८४ मध्ये मोंटे कार्लोच्या ग्रँड हॉटेलात त्याची गाठ सेझार रिट्झशी पडली आणि हॉटेलांच्या इतिहासातली सर्वांत प्रसिद्ध जोडी जमली. रिट्झला पाहुण्यांची नाडी कळे, एस्कोफियेला त्यांची जीभ. १८९० मध्ये दोघे लंडनच्या नव्या सॅव्हॉय हॉटेलात एकत्र आले. देल्फिन मात्र मुलांसह मोंटे कार्लोलाच राहिली. नवराबायकोचा संसार पुढची तीसेक वर्षे दोन देशांत चालला.

सॅव्हॉयमध्ये एस्कोफियेने जे केले त्याला आजही जगभरच्या हॉटेलांत ‘ब्रिगेड’ म्हणतात. शब्द लष्करी आहे, कल्पनाही. पूर्वी एक विभाग एक पदार्थ सुरुवातीपासून शेवटापर्यंत करी. त्याने पदार्थाचेच तुकडे पाडले. मासे एकाने पाहायचे, सॉस दुसऱ्याने, भाजणी तिसऱ्याने, थंड कोठी चौथ्याने; आणि शेवटी सारे एका क्षणी एका ताटलीत यायचे. अंडी, मूत्रपिंड आणि सॉस असा तिपेडी पदार्थ एकट्या माणसाला पाऊण-पाव घटकेचा. या पद्धतीत तो काही मिनिटांत तयार होई. सारे पदार्थ एकदम मेजावर मांडून ठेवण्याची जुनी फ्रेंच रीत तेव्हा मागे पडत होती आणि एकेक पदार्थ क्रमाने, गरम वाढण्याची रशियन रीत रुजत होती. आपला थाळीवरचा सोल या बदलाशिवाय संभवत नाही. त्याची तकाकी काही मिनिटांचीच. मासा थंड झाला की जिलेटिनचा थर मंदावतो, लोणी गोठते. मेजावर तासभर शोभेला ठेवण्याजोगा हा पदार्थच नव्हे. पूर्वीचे आचार्य पदार्थांचे मनोरे रचीत, न खाता येणारी सजावट करीत. एस्कोफियेने ती ताटलीतून हद्दपार केली. शिल्पकार होऊ न शकलेल्या माणसाने हे करावे, यात गंमत आहे.

गायिका नेली मेल्बाच्या नावाचा ‘पीच मेल्बा’ याच काळातला. सर्वसामान्यांना एस्कोफिये माहीत असतो तो बहुधा तेवढ्यासाठी. त्याच्या कामाच्या मानाने ही ओळख फारच तोकडी आहे.

सॅव्हॉयच्या ताटांत उरलेले चांगले अन्न गरीब वृद्धांची सेवा करणाऱ्या जोगिणींकडे जाई, ही व्यवस्था त्याची. त्याच सॅव्हॉयमधून मार्च १८९८ मध्ये त्याला आणि रिट्झला तडकाफडकी काढून टाकण्यात आले. वाइन आणि मद्याचा हजारो पौंडांचा हिशेब लागत नव्हता, आणि पुरवठादारांकडून दलाली घेतल्याचा ठपका एस्कोफियेवर होता. जानेवारी १९०० मध्ये त्याने तशी लेखी कबुली दिली. देणे आठ हजार पौंडांचे ठरले. प्रत्यक्षात पाचशे भरले गेले. हा कागद कित्येक दशके बंद राहिला आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच लोकांसमोर आला. पुरवठादारांची दलाली त्या काळच्या भटारखान्यांत सर्रास चाले, असे त्याच्या बाजूने सांगितले जाते. पण दलालीचा पैसा शेवटी तोकड्या मालातूनच वसूल होतो. काट्यांचाही हिशेब ठेवणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे लंगडे समर्थन पटत नाही. त्याचे कर्तृत्व सांगताना हे प्रकरण वगळणाऱ्यांनी त्याच्यावर उपकार केलेले नाहीत.

बदनामी मात्र तेव्हा फुटली नाही. १८९८ मध्येच पॅरिसचे रिट्झ उघडले, पाठोपाठ लंडनचे कार्लटन. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक ऐनवेळी पुढे ढकलला गेला आणि त्या धक्क्याने रिट्झ मनाने खचला, तो पुन्हा सावरला नाही. एस्कोफिये कार्लटनचा भटारखाना १९२० च्या सुमारापर्यंत सांभाळत राहिला. १९०३ मध्ये फिलेआस जिल्बेर आणि एमिल फेतू यांच्या साहाय्याने त्याने ‘ल गीद क्युलिनेर’ प्रसिद्ध केला. पाच हजारांहून अधिक पाककृतींचा हा ग्रंथ आजही व्यावसायिक आचाऱ्यांच्या फळीवर असतो. थाळीवरचा सोल त्यातलाच. नुसत्या सोलच्या इतक्या कृती तिथे आहेत की घरच्या वाचकाची छाती दडपावी.

१९१० मध्ये त्याने दारिद्र्य निवारणासाठी परस्पर साहाय्याची योजना मांडणारी पुस्तिका लिहिली. १९१४ मध्ये त्याचा मुलगा दानिएल महायुद्धात मारला गेला. युद्धाच्या टंचाईत कार्लटनचे मेजही उतरले आणि राजेरजवाड्यांचा तो काळ संपला. निवृत्त होऊन मोंटे कार्लोला परतलेल्या एस्कोफियेने मग जी पुस्तके लिहिली, ती पाहण्यासारखी आहेत. १९२७ मध्ये भातावर एक पुस्तिका, १९२९ मध्ये खारवलेल्या कॉड माशावर दुसरी. दोन्हींचा विषय एकच, स्वस्तातले पोटभर जेवण. राजांना सोल वाढलेल्या हाताने खारा मासा भिजवावा किती, उकळावा कसा, हे शिकवायला घेतले. सरकारने १९२८ मध्ये त्याला ‘लीजन ऑफ ऑनर’चा वरचा दर्जा दिला.

१९३४ मध्ये त्याचे ‘मा क्विझीन’ निघाले. हा ग्रंथ त्याने आचाऱ्यांसाठी नव्हे, तर घरच्या स्वयंपाकासाठी लिहिला होता. तेव्हा त्याचे वय सत्त्याऐंशी. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत देल्फिन गेली आणि आठवडा उलटण्याच्या आत, १२ फेब्रुवारी १९३५ रोजी, मोंटे कार्लो येथे एस्कोफियेनेही डोळे मिटले. दोघांपैकी त्याचे दफन व्हिलनव्ह-लुबे येथे, घराण्याच्या जागेत झाले. लोहाराच्या ज्या घरात तो जन्मला, तिथे १९६६ मध्ये पाककलेचे संग्रहालय उघडण्यात आले.