ए. एस. हॉर्नबी : डिक्शनरीमागचा शिक्षक

इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीची ऑक्सफर्ड डिक्शनरी आपल्या कित्येक घरांत आहे. पण ती घडवणारे ए. एस. हॉर्नबी आपल्याला ठाऊक नसतात. १८९८ मध्ये इंग्लंडमधल्या चेस्टरला जन्मलेले हॉर्नबी १९२४ मध्ये जपानला शिकवायला गेले. परक्या भाषेत नुसता अर्थ कळून भागत नाही, शब्द वाक्यात कसा बसवायचा तेही सांगावं लागतं, हे त्यांना वर्गात उमगलं. सहकाऱ्यांसोबत केलेला तसा शब्दकोश १९४२ मध्ये टोकियोत छापला गेला. त्याच वर्षी युद्धामुळे त्यांना जपान सोडावं लागलं. पुढे त्यांनी तेहरानमध्ये शिकवलं, पाठ्यपुस्तकंही लिहिली. १९६१ मध्ये पुस्तकांच्या कमाईतून त्यांनी ट्रस्ट काढला. १९७८ मध्ये ते वारले; पण देशोदेशीच्या इंग्रजी शिक्षकांना त्यातून आजही स्कॉलरशिप मिळते. इल्मची कमाई इल्मसाठीच लावावी, एवढं तरी आपण त्यांच्याकडून घ्यायला हवं.