कर्नल साइक्स आणि आपल्या नद्यांतले मासे

कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी म्हटला की डोळ्यांपुढे घोडा, तलवार आणि शिकारीची बंदूक उभी राहते. विल्यम हेन्री साइक्स हा तसाच एक अधिकारी. पण कणकेची गोळी गळाला लावून वेदगंगेच्या काठी तासन्‌तास बसणाऱ्या माझ्यासारख्याला त्याचे मोठेपण वाटते ते दुसऱ्याच कारणासाठी. आपल्या नद्यांतल्या माशांचा त्याला विलक्षण नाद होता.

साइक्सचा जन्म २५ जानेवारी १७९० चा. कोवळ्या वयातच तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत दाखल झाला. १८०५ मध्ये भरतपूरच्या वेढ्यात तो होता आणि १८१७ मध्ये खडकीच्या लढाईत पेशव्यांच्या विरुद्ध लढला. अशा माणसाविषयी आपल्याला आपुलकी वाटण्याचे तसे काही कारण नव्हते.

परंतु १८२४ मध्ये त्याच्या आयुष्याला वेगळे वळण लागले. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने त्याच्यावर दख्खनची पाहणी करून आकडेवारी जमवण्याची कामगिरी सोपवली. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड असे चार जिल्हे त्याच्याकडे होते. आपले बेळगाव तेव्हा धारवाडातच मोडत असे; त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला तो १८३६ मध्ये. गावे, पिके, पाऊसपाणी यांची मोजदाद करता करता साइक्स पक्षी, प्राणी आणि मासेही टिपू लागला. १८२९ च्या अखेरीस सरकारने ती जागाच रद्द केली. पगार थांबला, पण साइक्सचे काम थांबले नाही. रजा काढून, बिनपगारी, १८३१ च्या जानेवारीपर्यंत तो ते करीत राहिला. नाद म्हणतात तो याला!

विलायतेत परतल्यावर १८३८ मध्ये त्याने लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे दख्खनच्या माशांवर निबंध सादर केला. काही माशांना त्याने आपल्या विलायती मित्रांची नावे दिली, हे खरे. पण कितीतरी नावे त्याने इथल्या बोलीतलीच उचलली. खुद्री, शिंगटी, टाकरी, अळकुटी हे शब्द त्याने कानाला ऐकू आले तसे रोमन लिपीत उतरवले, आणि आजही जगभरच्या शास्त्रीय ग्रंथांत ते तसेच आहेत. मुळा-मुठेतली खुद्री म्हणजे मोठ्या खवल्यांचा महसीर. त्याच्यासाठी गळ टाकणारे दूरदेशीचे शौकीनही त्याला त्याच नावाने ओळखतात. नाकाडावर शिंगासारखा उंचवटा आणि त्याखाली खोल खाच असलेला एक मासा आहे. त्याला आपले लोक नकटा म्हणतात. साइक्सने शास्त्रीय नाव ठेवले 'नुक्ता'! ज्या कोळ्यांनी हे शब्द घडवले त्यांची नावे इतिहासात नाहीत. त्यांचे शब्द मात्र राहिले.

पुढे साइक्स १८४० मध्ये कंपनीचा डायरेक्टर, १८५६ मध्ये अध्यक्ष आणि १८५७ पासून ॲबर्डीनतर्फे पार्लमेंटचा सभासद झाला. १६ जून १८७२ रोजी तो लंडनमध्ये वारला. त्याची ती पदे आज कोणाला आठवतात? पाणथळीतला आपला साधा वंचक बगळा आणि हे मासे मात्र त्याचे नाव सांगतात.

आता आपल्याकडे वळू. साइक्सने पाहिलेल्या इंद्रायणी, मुळा-मुठा भीमेतून कृष्णेला मिळतात. आपल्या वेदगंगा, दूधगंगा, हिरण्यकेशी, घटप्रभाही अखेर कृष्णेलाच मिळतात. म्हणजे खोरे एकच. नकटा तर या कृष्णेच्या खोऱ्याबाहेर कुठेच आढळत नाही, आणि जागतिक पातळीवरच्या यादीत तो आज धोक्यातल्या जातींत मोडतो. सांडपाणी, वाळूचा उपसा, बांध आणि बाहेरून आलेले चिलापीसारखे मासे यांच्यापुढे जुन्या जातींचा टिकाव लागणे कठीण झाले आहे.

मासा गेला की त्याचे नावही जाते. म्हणून मी एक वही घातली आहे. गळाला लागेल तो मासा, जागा, तारीख, आणि काठावरची वडीलधारी माणसे त्याला काय म्हणतात ते त्यात लिहितो. या सीमाभागात एकाच माशाला एका काठावर मराठी तर दुसऱ्या काठावर कन्नड नाव असते. कन्नड विभागातल्या मित्रांनीही अशी वही घातली, तर दोन्ही वह्या शेजारी ठेवता येतील. परमुलखातून आलेल्या एका सैनिकाला जे सुचले, ते इथेच जन्मलेल्या आपल्याला जड जाऊ नये.